ओहोळात ठेवलेली टोपली

कडू कंद खाण्याजोगा व्हायला किती पाणी लागतं, असं माझ्या सुनेनं एकदा मला विचारलं. मला सांगता येईना. ते आमच्या ओहोळावर असायचं. ओहोळ खळखळत असला की लवकर निभायचं. धार करंगळीएवढी झाली की टोपली पाण्यात पडून राहायची आणि आम्ही पोरं काठावर बसून राहायचो. सुनेला वाटलं, मी टाळते आहे. तिचा जन्म ठाण्यातला, तिच्या माहेरी भाजी दारावर येते. मी टाळत नव्हते, दमले होते. हल्ली जुनं काही सांगायला घेतलं की अर्ध्यातच दमते, म्हणून लिहिते आहे. अक्षरं मला फार उशिरा आली. मुलगा शाळामास्तर झाला तेव्हा त्यानंच ती शिकवली, आणि अजून जोडाक्षर आलं की हात अडतो. पण लिहिताना अडलं तर समोर कुणी तोंडाकडे बघत नसतं, एवढं बरं आहे.

आमची ठाकरांची वाडी टिटवाळ्याहून काळू नदी ओलांडून वर, डोंगराच्या काखेत होती. कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली थोडी घरं, मध्ये उखळ, आणि सगळ्यांच्या मागे तो ओहोळ. आमच्या घरात बा, आई, बाची थोरली बहीण नागीआते, मी आणि माझ्या पाठची दोघं, चांगी आणि राघू. आते तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि घरात तिचाच शब्द चालायचा. आईचं नाव बुधी. ती बोलायची कमी. सकाळी जाग यायची ती आतेच्या खोकल्यानं आणि पाठोपाठ जात्याच्या घरघरीनं. नाचणी दळली जात असेल तर आवाज जड यायचा, आणि जातं नुसतंच हलकं फिरायला लागलं की दाणे संपत आले हे आम्हाला अंथरुणातच कळायचं. पोटाला काय मिळणार हे मी लहानपणी डोळ्यांनी बघण्याआधी कानांनी ऐकलेलं आहे.

भात आणि नाचणी आमच्याकडे वर्षभर कधीच पुरली नाही. उरलेलं वर्ष डोंगर पुरवायचा आणि ते आईच्या हातून पुरायचं. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं वेचून वाळवायची. जेठात जमिनीतून शेवळं वर यायची. ती घशाला खाजतात म्हणून त्यांच्यात काकडाची आंबट फळं घालायची. आई शेवळांच्या जुड्या बांधून कल्याणच्या बाजारात नेई आणि बदल्यात मीठ-मिरची, कधी सुकी मासळी आणी. आषाढात टाकळा, कुर्डू, भारंगी. श्रावणात करटोली. प्रत्येक भाजीची एक जागा असे आणि ती आईच्या पायांना माहीत असे. ती वाट बघून चालत नसे. डोकं खाली, पाठ थोडी वाकलेली, आणि एकदम थांबली की तिथं काहीतरी असायचंच. मी तिच्या मागून टोपली घेऊन चालत असे. मला ते चालणं आवडायचं असं आता म्हटलं तर ते खोटं होईल. पाय दुखायचे, काटे मोडायचे, भूक लागलेली असायची. आई कधी थकले म्हणाली नाही, पण घरी आल्यावर ती टोपली खाली ठेवून बराच वेळ तशीच उभी राहायची, बसायला विसरल्यासारखी.

कंदांचं काम थंडीत सुरू व्हायचं आणि ते सगळ्यात जड. कंदाचा वेल पावसाळ्यात झाडावर चढतो आणि थंडीत वाळून गळून जातो, म्हणजे खणायच्या वेळी वर काहीच दिसत नाही. कुठल्या झाडावर वेल होता हे पावसातच लक्षात ठेवायला लागतं. आई ते ठेवायची. खणती घेऊन ती कंबरभर खड्डा करी, कंद काढी आणि त्याचा वरचा डोळा पुन्हा खड्ड्यात ठेवून माती लोटी. गोड कंद तसाच भाजून खायचा. कडूचं तसं नाही. तो सोलायचा, राख घालून उकडायचा, पातळ काप करायचे आणि टोपलीत भरून, वर दगड ठेवून ओहोळाच्या धारेत सोडायचा. मग रोज जाऊन ते काप हातानं चोळायचे. नीट धुतला गेला की तो बेचव, पिठूळ लागतो, पण पोट भरतं. कच्चा राहिला तर घशाला आग लागते, उलट्या होतात, डोकं गरगरतं. खालच्या वाडीतलं एक मूल त्यानं गेलेलं होतं, म्हणून आमच्याकडे पहिला घास नेहमी आते खायची आणि ऊन माथ्यावर येईपर्यंत आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती मुद्दाम डोळे फिरवून दाखवी आणि राघू रडायला लागे. तेवढीच आमच्या घरातली गंमत.

त्या वर्षी पाऊस भादव्यात गेला तो परत आलाच नाही. भात पोटरीत असताना, लोंब्या बाहेर पडायच्या आत वाळलं. पौषातच जातं हलकं फिरायला लागलं आणि माघ लागताच बा कळव्याला मिठागरावर गेला. तिथं हाताला काम होतं. जाताना तो आईला म्हणाला, "डोंगर हाय ना." आई म्हणाली, "हाय." पण तो गेल्यावर थोड्याच दिवसांत डोंगराच्या कडेनं माणसं आली आणि त्यांनी ठरावीक अंतरावर दगड पुरून त्यांना चुना फासला. दगडांच्या आतलं रान सरकारनं राखून ठेवलं, तिथं कोयता चालवायचा नाही, खणती घालायची नाही, पानसुद्धा तोडायचं नाही, असं दवंडीवाला ओरडून गेला. आमची कंदांची बहुतेक झाडं दगडांच्या आत गेली. रखवालीला एक शिपाई आला. तो देशावरचा होता, बायको आणि एक लहान मुलगी घेऊन नदीच्या अलीकडे सरकारी झोपडीत राहायचा. आमच्या बाजूची हवा त्याला मानवली नव्हती. अंगात ताप घेऊनच तो रानात फिरायचा. त्यानं वाडीतल्या दोघांचे कोयते नेले होते. वाईट माणूस म्हणावा तर तसा तो नव्हता. वरून कुणीतरी त्याच्या मागे लागलेलं असायचं, आणि तो आमच्या मागे.

आई तरीही खणायला जायची. भल्या पहाटे जाऊन सूर्य वर यायच्या आत परत यायची. मला नेत नसे. परत आली की हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, आणि तोंडावर काहीच नाही. मी विचारलं, "आये, भ्या नाय वाटत?" ती म्हणाली, "वाटतं. पन राघूला काय सांगू, दगड लावलाय म्हनून?"

एका संध्याकाळी आम्ही दोघींनी कडू कंदाची मोठी टोपली भरून ओहोळात सोडली. दुसऱ्या दिवशी मी काप चोळायला गेले तर टोपली नव्हती. दगड बाजूला पडला होता, चिखलात वहाणांचे ठसे होते. आमच्यात वहाणा कुणी घालत नसे. मी धावत घरी आले. तेवढ्यात शेजारची सोमी नदीवरून पाणी घेऊन वर आली. ती म्हणाली, शिपायानं टोपली खांद्यावरून नेली, साहेबाला पुरावा दाखवायला म्हणे. आणि हसून पुढं म्हणाली, "त्याची बायको त खूश झालीय. सुरान हाय, बोलली. चूल पेटवत व्हती."

सोमी तशी सहज बोलली होती. आई उखळापाशी बसली होती ती उठली. "रातचीच टोपली," ती म्हणाली. "अजून धुतली कुठं?"

आते दाराशी होती. तिच्या लगेच ध्यानात आलं. ती म्हणाली, "बस खाली, बुधे."

"बाय, ते खातील."

"खाऊ दे. आपल्या पोरांच्या तोंडचं नेलंन. खाऊ दे त्याला."

"त्याला पोर हाय, बाय."

"तुला नायत?" आतेचा आवाज चढला. "तू गेलीस म्हंजे तूच बोललीस ना, टोपली माजी म्हनून? त्याला तेच पायजे. तुला धरून नेईल. मंग हिकडं कोन खनायचा? मी?"

 मी हे पुष्कळ वर्षं मनात घोळवलं आहे. आते बोलत होती त्यात चूक काहीच नव्हतं. मी स्वतः आई झाल्यावर मला आतेचं म्हणणं जास्तच पटायला लागलं. पण आई निघाली होती. ती आधी चालली, मग उतार लागल्यावर पळायला लागली, आणि मी तिच्या मागे. आईला पळताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

झोपडीच्या अंगणात तीन दगडांवर मडकं चढवलेलं होतं. शिपायाची बायको शेजारी बसून फुंकत होती. तरुणच होती, माझ्याहून फार मोठी नसावी. तिची मुलगी जवळ उभी राहून हातातला काप चघळत होती. आई धापा टाकत म्हणाली, "बाय, ते टाक. कडू हाय ते. इख हाय."

त्या बाईनं आधी आमच्याकडे बघितलं, मग टोपलीकडे. "तुमचीच न्हवं का ही टोपली? परत न्यायला आलासा व्हय?"

"न्यायला नाय. धुतलेलं नाय अजून. पोरीच्या हातातलं काढ."

"माझ्या घरात दोन दिस झालं भाकरीला पीठ न्हाई," ती बाई म्हणाली, "आन् तुमी इख म्हनून सांगताय. जावा इथनं." तिनं मुलीला जवळ ओढलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं.

 आई पुढं झाली, दोन्ही हातांनी ते तापलेलं मडकं चुलीवरून उचललं आणि अंगणाच्या कडेला आपटलं. मडकं फुटलं, काप मातीत पसरले. बाई किंचाळली. तिच्या आवाजानं शिपाई झोपडीतून बाहेर आला, अंगावर घोंगडी, डोळे तापानं लाल. त्यानं फुटलेलं मडकं बघितलं, आईचे भाजलेले हात बघितले, आणि टोपली.

"कुनाची टोपली ही?" त्यानं विचारलं.

"माजी," आई म्हणाली.

"तूच खनलंस? दगडाच्या आत?"

"मीच. पोरीनं खाल्लंय तुज्या. आदी तिच्याकडं बघ."

आणि खरंच, मुलगी तोंडाला हात लावून रडायला लागली होती. जीभ बाहेर काढत होती. तिच्या आईचं अवसान गेलं. ती नुसती "अगं बया, अगं बया" करत राहिली. आईनं मुलीला मांडीवर पालथं घेतलं, तोंडात बोट घातलं आणि ओकवलं. पाणी पाजलं, पुन्हा ओकवलं. बराच वेळ हे चाललं. मुलगी पांढरी पडली होती, मान टाकत होती. शिपाई खांबाला धरून उभा होता, तापानं की भीतीनं कोण जाणे. उन्हं कलायच्या सुमाराला मुलीनं डोळे उघडून पाणी मागितलं. आईनं तिला तिच्या आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता पेज दे. पातल. निसती."

मग ती उठली, माझ्याकडे वळली, म्हणजे आम्ही आता घरी जाणार असं मला वाटलं. तेव्हा शिपाई खाकरला. "तुला जाता येनार न्हाई," तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

त्याची बायको म्हणाली, "आवं, सोडा की तिला. पोर वाचविली तिनं."

"वर कळवून बसलोय. टोपली गावली म्हनून सकाळीच निरोप धाडलाय. मानूस कुठाय म्हनतील, तर काय सांगू? मला काढून टाकत्याल. मग तुमी काय खाशीला?"

त्या बाईनं मुलीला पोटाशी घेतलं.  आईनं ओट्यावर बसून घेतलं, हात मांडीवर उताणे ठेवले; तळव्यांवर फोड आले होते. "हिरे," ती मला म्हणाली, "तू जा घरी. आतेला सांग, वडाच्या वरच्या अंगाला ऐनाचं झाड हाय, त्याच्या बुडाशी अजून एक कंद हाय. तो दगडाच्या भाएर हाय." एवढंच म्हणाली. मी घरी गेले. वाटेत मी रडले नाही. रडायला जो जोर लागतो तोच नव्हता.

तिला कल्याणच्या कचेरीत नेलं. मी आणि सोमीचा नवरा मागोमाग चालत गेलो. तिथं साहेबाच्या मेजापुढं आई उभी होती आणि कारकून विचारत होता, चुन्याचे दगड दिसले नव्हते का. आई म्हणाली, "दिसलं. पन कंद जमिनीतून वाढत चुन्याच्या पल्याड गेला, त्याला काय ठावं?" मागे बसलेले लोक हसले. आई हसवायला बोलली नव्हती, तिला खरंच ते सांगायचं होतं. शिपायानं जे घडलं ते सांगितलं, मुलीचंही सांगितलं, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. पण खणल्याचं आईनं कबूल केलेलं होतं आणि दंड भरायला आमच्याकडे काही नव्हतं. तिला ठाण्याच्या तुरुंगात पाठवलं.

ते दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. आतेनं आणि मी ऐनाच्या बुडाशी खणलं. आतेला धाप लागायची. ती दोन घाव घालून बसायची आणि आईला शिव्या द्यायची. कंद निघाला, तोही कडूच. या खेपेला ओहोळापाशी आम्ही पाळीपाळीनं बसून राहिलो, कुणी नेऊ नये म्हणून. आतेनं पहिला घास खाल्ला तेव्हा तिनं डोळे फिरवले नाहीत, आणि राघूही रडला नाही. एक दिवस शिपायाची बायको वाडीवर आली. आमची टोपली तिनं परत आणली होती आणि तिच्यात तळाला थोडे तांदूळ होते. ती कुंपणापाशी उभी राहिली, आत यायला धजेना. आतेनं तिच्याकडे पाठ केली. मी जाऊन टोपली घेतली. "पोर बरी हाय," ती मला म्हणाली, आणि गेली. आते त्या तांदळाच्या पेजेला शिवली नाही. चांगी आणि राघू ती प्याली, मीही प्याले. भुकेल्या पोटी ती मला गोड लागली.

आई सुटायची होती तेव्हा बा कळव्याहून आला आणि मला घेऊन ठाण्याला गेला. ती बाहेर आली तर मला आधी ओळखूच आली नाही. वाळली होती असं नाही. आत दोन वेळा भाकरी मिळत होती. पण चालताना तिची पाठ सरळ झाली होती आणि ती समोर बघत होती, इतर बायका बघतात तशी. बानं विचारलं, "घरी जायचा?"  ती म्हणाली, "तिथं जाऊन आता खनायचा काय?" बानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही वाडीकडे न जाता तरीच्या होडीतून खाडी ओलांडून कळव्याला गेलो. तिथं मिठागराच्या बांधावर बाची खोपटी होती. नंतर बा जाऊन चांगीला आणि राघूला घेऊन आला. आते आली नाही. मीठ पिकतं तिथं माझ्यानं झोपवणार नाही, म्हणाली. ती सोमीकडे राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच गेली.

मिठागर म्हणजे नुसता पांढरा उजेड. झाड नाही, सावली नाही, दिवसभर डोळे चुरचुरायचे. बायका अनवाणी मिठात उतरून ते ओढायच्या, ओल्या टोपल्या डोक्यावरून वाहायच्या, आणि संध्याकाळी टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आई कितीतरी दिवस खोपटीत पडून होती. हात बरे झाले होते, ताप नव्हता. हाक मारली की ओ द्यायची आणि तशीच पडून राहायची. बा म्हणायचा, दमलीय, दमू दे. माझ्या मनात यायचं, ती अशीच राहणार. आज मलाही दुपारी उठवत नाही तेव्हा मला ते पडणं कळतं.

एका सकाळी मी कामावरून पाणी प्यायला आले तर खोपटी रिकामी. मी घाबरून बाहेर पडले. आई बांधाच्या टोकाला, खाडीच्या चिखलापाशी उभी होती. डोकं खाली, पाठ वाकलेली. पायाशी जाड, बारीक पानांचं हिरवट-तांबूस झुडूप पसरलेलं होतं. तिनं एक पान तोडलं, बोटांत चिरडलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि थुंकलं. मिठाची टोपली घेऊन जाणारी एक आगरी बाई ते बघून थांबली.

"काय गो, काय बघतंस?"

"हे खातात का?" आईनं विचारलं.

"मोरस हाय ती. खातांव ना आमी. उकडून पानी फेकून देवाचा, नायतं तोंडान घालवनार नाय, येवरी खारट."

"किती येला पानी फेकाचा?"

"चाखून बघाचा," ती बाई म्हणाली आणि टोपली सावरत पुढं गेली.

आईनं लुगड्याचा ओचा केला, खाली बसली आणि कोवळे शेंडे खुडायला लागली. मला कामावर परत जायचं होतं, मुकादम हाका मारत होता. मी तिच्याशेजारी बसले.